प्रत आणि प्रतवारी

मराठीत ‘प्रत’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पुस्तकाची एक प्रत, आणि उंची प्रतीचा तांदूळ. एका ठिकाणी तो नग दाखवतो, दुसऱ्या ठिकाणी गुण. जुन्या कॉमिक्सच्या बाजारात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जातात, कारण तिथे प्रत हातात आली की पहिला प्रश्न तिच्या प्रतीचाच निघतो. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे आणि त्याला निमित्त झाली ती एक पत्र्याची ट्रंक.

माझा एक जुना मित्र २०२१ साली गेला. वर्षभराने घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे १४३ अंक निघाले. त्यांतले ११८ मराठी, बाकीचे हिंदी आणि इंग्रजी. कुणाच्या तरी ओळखीने मुंबईहून एक संग्राहक येऊन पाहून गेला. माणूस व्यवहाराला चोख होता. दोन तास मांडी घालून बसला, प्रत्येक अंक उलटसुलट केला, आणि जाताना वहिनींच्या हातात हाताने लिहिलेली यादी ठेवून गेला. अंकाचा क्रमांक, त्यापुढे दहापैकी गुण, त्यापुढे रक्कम. ११ अंक तो घेणार होता. उरलेल्या १३२ अंकांपुढे १.० किंवा १.५ असा आकडा आणि रकमेच्या रकान्यात आडवी रेघ. वहिनींनी मला फोन केला, “भाऊजी, हे बाकीचे रद्दीत द्यायचे का?”

मी ताबडतोब ‘नको’ म्हणालो. पण का नको, हे मला सांगता येईना. त्या आकड्यांत चूक काय आहे, असे त्यांनी विचारले असते तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी ती पट्टी मुळापासून वाचायला घेतली.

पट्टी अमेरिकेतली आहे. तिथे कॉमिक्स गोळा करणाऱ्यांचे व्यवहार बरेचसे टपालाने चालत. विकणाऱ्याने जाहिरातीत ‘उत्तम’ म्हणायचे, घेणाऱ्याने पैसे पाठवायचे, आणि पाकीट उघडल्यावर मागचे पान अर्धे गायब. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची दरपुस्तिका १९७० साली पहिल्यांदा निघाली आणि तिने किमतीबरोबर शब्दांचेही अर्थ बांधून द्यायला सुरुवात केली. ‘मिंट’ म्हणजे काय, ‘फाइन’ म्हणजे काय, ‘गुड’ म्हणजे काय. (या शेवटच्या शब्दाने नवखा माणूस हमखास फसतो. या पट्टीत ‘गुड’ला दहापैकी दोन गुण आहेत.) पुढे २००० साली सर्टिफाइड गॅरंटी कंपनी, म्हणजे सीजीसी, सुरू झाली. विकणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तिसऱ्याच कुणीतरी अंक तपासायचा, ०.५ ते १० पर्यंत गुण द्यायचे आणि अंक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून वर लेबल लावायचे, ही तिची पद्धत. लेबलाच्या रंगालाही अर्थ आहे. निळे म्हणजे सर्वसाधारण, जांभळे म्हणजे अंकावर दुरुस्ती झालेली, हिरवे म्हणजे गुण चांगले पण एखादी मोठी उणीव बाजूला ठेवून दिलेले, पिवळे म्हणजे समक्ष घेतलेली स्वाक्षरी.

या व्यवस्थेला नावे ठेवण्याआधी तिचे श्रेय तिला द्यायला हवे. कडा कातरून अंक नवा भासवणे, उडालेला रंग शाईने भरणे, एका अंकाची पाने दुसऱ्यात घालणे, हे उद्योग बिनबोभाट चालत. तपासनीस आधी पाने मोजतो, मग कातरकाम आणि रंगभरणी शोधतो, आणि गुणांचा विचार त्यानंतर. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांच्या धंद्यात एवढी शिस्त मी पाहिलेली नाही. दोषांची यादीही वैद्याने रोगलक्षणे सांगावीत इतकी बारीक असते. कण्यावरची आडवी चीर रंग फोडून गेली आहे की नुसती दबली आहे, कोपरा बोथट झालाय की दुमडलाय, पिनेचा गंज कागदात उतरलाय की वरच्यावर आहे, पानांचा रंग पांढरा, मळकट पांढरा, सायीसारखा की तपकिरी. हे सारे वाचताना डोळा तयार होतो. अंक तिरपा धरून उजेडात पाहायला मी याच याद्यांवरून शिकलो.

पैशाचे प्रमाण पाहिले म्हणजे एवढ्या बारकाव्याची गरज कळते. सुपरमॅन ज्यात प्रथम आला तो ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक १९३८ साली १० सेंटना मिळत होता. त्याची ९.० गुणांची एक प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरांवर गेली, आणि ८.५ गुणांची दुसरी एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरांना. अशा ठिकाणी अर्ध्या गुणासाठी भांडणे होणारच.

पण कोणतीही पट्टी कशाच्या तरी मापाने आखलेली असते. या पट्टीच्या वरच्या टोकाला कोण बसले आहे, हे पाहिले पाहिजे. कोलोरॅडोतल्या एडगर चर्च नावाच्या व्यावसायिक चित्रकाराने कित्येक वर्षे कॉमिक्स विकत घेतली आणि घरात थप्प्या लावून ठेवली. १९७७ साली चक रोझान्स्की या विक्रेत्याने तो साठा घेतला. अंकांची संख्या १८ ते २२ हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. ‘माइल हाय’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. डोंगराळ मुलखातली कोरडी हवा, घट्ट थप्पी, अंधार, आणि मुख्य म्हणजे बहुतेक अंक कुणी फारसे उघडलेच नव्हते. चाळीस वर्षांपूर्वीचा अंक काल छापल्यासारखा असू शकतो, हे त्या साठ्याने दाखवून दिले, आणि माझ्या मते तेव्हापासून तीच नजर पट्टीत मुरली. शंभरातला शंभरावा अंक म्हणजे न वाचलेला अंक. त्याखालचे सगळे उतरते आकडे म्हणजे वाचनाने केलेली हानी. पट्टी असे कुठे म्हणत नाही, पण तिच्या दोषांच्या यादीतली निम्मी कलमे कुणीतरी हा अंक वाचला, एवढेच सांगणारी आहेत.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण मार्व्हलच्या तिकिटांचे. १९७४ साली त्या प्रकाशनाने वाचकांच्या पत्रांच्या पानावर छोटी चित्र-तिकिटे छापायला सुरुवात केली. ती कापून वहीत चिकटवा, असे प्रकाशकच मुलांना सांगत होता. मुलांनी ऐकले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’च्या १८१ व्या अंकात वुल्व्हरिन हे पात्र पहिल्यांदा पूर्णपणे आले आणि तो अंक पुढे सोन्याच्या भावाला गेला. आज त्याची प्रत समोर आली की जाणकार आधी ते पान उघडून पाहतो. तिकीट कापलेले असेल तर हिरवे लेबल, नाहीतर तळाचा आकडा. ज्याने प्रकाशकाचे ऐकले त्याचे दिवाळे निघाले आणि ज्याने दुर्लक्ष केले तो श्रीमंत झाला.

उलट बाजूचेही एक उदाहरण याच बाजारात आहे, आणि ते बाजाराला स्वतःला फारसे अडचणीचे वाटत नाही याचे मला नवल वाटते. ‘ओकाजिमा’ नावाचा एक संग्रह नामवंत मानला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणीने तो जमवला, आणि त्यातले अंक ती नजरकैदेच्या छावणीत असतानाचे आहेत, असे सांगितले जाते. मुखपृष्ठावर पेन्सिलीने लिहिलेले ते आडनाव ही त्या अंकांची ओळख. एरवी मुखपृष्ठावर कुणाचे नाव म्हणजे खोट. इथे तेच नाव मोलाचे, कारण त्यामागची कहाणी माहीत आहे. म्हणजे नावाने मोल वाढते की घटते हे शाईवर ठरत नाही, नाव कुणाचे ते आपल्याला कळले आहे की नाही यावर ठरते.

आता आपल्या ट्रंकेकडे. इंद्रजाल कॉमिक्स बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केली. किंमत ६० पैसे. ली फॉक यांचा फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला, मागोमाग मँड्रेक. १९७६ साली आबिद सुरती यांचा बहादूर आला, त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. १९९० साली मालिका बंद पडली तेव्हा अंकांची संख्या आठशेच्या घरात गेली होती. मुखपृष्ठ सगळ्या भाषांना एकच, आतली अक्षरे वेगळी. मूळ कथेतले ‘बेंगाली’ इथे ‘डेंकाली’ झाले, चाच्यांच्या टोळीचे ‘सिंग’ हे नाव ‘सिंगा’ झाले. हे बदल कुणी, कसे केले, मराठी अनुवादकाने वेताळाच्या तोंडी कोणती मराठी घातली, हा खरा अभ्यासाचा विषय. आणि तो अंक उघडल्याशिवाय होत नाही. प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेला अंक म्हणजे मुखपृष्ठाचे चित्र. मुखपृष्ठ सगळ्या भाषांना एकच असल्यामुळे पेटीत गेल्यावर मराठी प्रतीत मराठी उरते ती वरच्या चार शब्दांपुरती.

आमच्या पिढीतल्या किती मुलांनी हे अंक विकत घेतले? माझ्या गल्लीत एकानेही नाही. आम्ही ते भाड्याने वाचले. सायकलच्या दुकानाशेजारी किंवा किराणा दुकानाच्या फळीवर भाड्याने पुस्तके देणारा असायचा. दुकानदार अंक आला की आधी पिना काढून टाकी, दहाबारा अंकांची चळत करून डाव्या कडेला दाभणाने भोके पाडी, सुतळीने शिवी, खळ लावून पुठ्ठा चढवी आणि वर खाकी कागद. कारण सुटा अंक दोन महिन्यांत फाटतो आणि शिवलेला दोन-तीन वर्षे भाडे देतो. मुखपृष्ठावर शिक्का, आतल्या पानावर पुन्हा शिक्का, कारण पहिले पान फाडून अंक लांबवणारे महाभाग असत. अमेरिकन पट्टीने पाहिले तर यातली प्रत्येक गोष्ट घोर दोष आहे. पिना नाहीत, शिलाईची भोके आहेत, आतल्या कडेचे चित्र शिलाईत गेले आहे, शिक्के आहेत, खळीचे डाग आहेत. १.०. आकडा बरोबर आहे. पण मराठी मुलांनी हे वाङ्मय कोणत्या रस्त्याने मिळवले, याचा पुरावा त्या भोकांतच आहे, आणि तो ९.४ गुणांच्या कोऱ्या प्रतीत सापडणार नाही.

हवामानाचीही गोष्ट आहे, पण तिथे मी पट्टीच्या बाजूचा आहे. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातले लिग्निन हवा-उजेडाने पिवळे पडते, आणि कागदावर शाई पसरू नये म्हणून घातलेली तुरटी-राळ कालांतराने आम्ल तयार करते. त्यात कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा. पीन गंजते, गंज कागद खातो, खळीला कसर लागते. याला ‘काळाची मोहर’ वगैरे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. गंजाने कागद जातो आणि कागदाबरोबर मजकूर. प्लास्टिकच्या साध्या पिशव्यांत ओल कोंडून बुरशी आणणाऱ्या आणि फाटक्या पानांना चिकटपट्टी लावून ती पिवळी करून ठेवणाऱ्या संग्राहकांनी वाळवीपेक्षा कमी नुकसान केलेले नाही.

आपल्याकडे प्रतीचे वर्णन करण्याची वेगळी परंपरा होती. पोथ्यांच्या सूच्या पाहाव्यात. पत्रसंख्या, आकार, ओळी, पूर्ण की खंडित, अक्षर कसे, लेखनकाल, शेवटी लेखकाने कोणासाठी लिहिली ते. समासातल्या टिपा असल्या तर त्यांची नोंद. कसर लागलेली असेल तर किती पत्रांना. तिथे पोथी कुणीतरी वाचली, तीवर हळदीकुंकवाचे बोट उमटले, म्हणून गुण कापलेले नाहीत. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढताना अगदी घरगुती चिटोरीही साधन म्हणून वागवली. शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची मात्र १९५० पर्यंत येऊन थांबते, त्यामुळे इंद्रजाल तिच्या हद्दीबाहेर राहिली.

पण या परंपरेचे गोडवे गाऊन भागत नाही. त्या सूच्यांत ‘जीर्ण’ हा एक शब्द आहे आणि त्याने फार आळस पोसला. एका सूचीतले ‘जीर्ण’ म्हणजे दोन कोपरे गेलेले, दुसऱ्या सूचीतले म्हणजे हात लावला की भुगा. दहा वर्षांनी कुणी ती पोथी पुन्हा पाहिली तर ती दरम्यान खराब झाली की तशीच होती, हे त्या शब्दावरून कळत नाही. आकड्यावरून निदान अंदाज येतो. शिवाय सीजीसीच्या तपासनिसाला एक प्रश्न रोज पडतो जो आपल्या सूचीकाराला क्वचित पडला: हे पान मूळचेच आहे का?

मात्र आकड्याची ओढ लागली की माणूस काय करून बसतो, हे मी स्वतःवरून सांगतो. २००९ साली आमच्या गावातले भाड्याच्या पुस्तकांचे शेवटचे दुकान बंद झाले आणि तिथला एक शिवलेला गठ्ठा मला मिळाला. बारा अंक. तेव्हा नुकताच मी अमेरिकन दरपुस्तिका वाचत होतो आणि अंक ‘सुटे, मूळ रूपात’ असावेत हे डोक्यात बसले होते. एका रविवारी ब्लेडने सुतळी कापली, पुठ्ठा काढला, खळ भिजवून खरवडली, अंक जाड पुस्तकांखाली दाबून सरळ केले. (अमेरिकेत हीच गोष्ट यंत्राच्या उष्णतेने करतात. अंकाला इस्त्री करून घड्या घालवल्या की गुण वाढतात, आणि तिला दुरुस्ती मानत नाहीत. रंगाचा एक ठिपका भरला तर जांभळे लेबल, आणि वाचनाच्या खुणा दाबून नाहीशा केल्या तर निळे, हा न्याय मला अजून समजलेला नाही.) माझ्या अंकांचे गुण काही वाढले नाहीत. भोके होती तिथेच राहिली. पण पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक लांबट कागद चिकटवलेला होता. त्यावर तारखा होत्या, १९७८ ते १९८३, बारीक अक्षरात, दोन-दोन रांगांत. गठ्ठा कधी बाहेर गेला आणि कधी परत आला. ‘कॉमिक्सचा भाग नाही’ म्हणून मी तो पुठ्ठ्यासकट बंबात घातला.

आज मला एवढेच आठवते की एप्रिल-मेच्या तारखा दाट होत्या, जवळजवळ रोजच्या, आणि जूननंतर विरळ. किती नोंदी होत्या ते मोजले नाही. मराठी मुलांच्या कॉमिक्सवाचनाविषयी लिहिताना आम्ही सगळे आठवणींवर लिहितो, आणि आठवणी गोड असतात. त्या कागदावर आठवण नव्हती, हिशेब होता.

मित्राच्या ट्रंकेत असे तीन शिवलेले गठ्ठे आहेत. म्हणून वहिनींना मी म्हणालो की मला थोडे दिवस द्या. नऊ दिवस त्यांच्या ओसरीवर बसून १४३ अंकांची नवी यादी केली. प्रत्येक अंकाला दोन रकाने. पहिल्यात आकडा, अमेरिकन पट्टीनेच, पण तो फक्त कागद, पिना, शिलाई, पाने आणि रंग यांच्यापुरता, म्हणजे पुढे ज्याची झीज होत राहणार आहे त्याच्यापुरता. दुसऱ्यात वर्णन, गुण न देता: शिक्के, नावे, हिशेब, खोडलेले शब्द, कुणी रंगवलेली चित्रे, दुरुस्ती कशाने केली, गठ्ठ्यात अंक कितवा. वापराच्या खुणांसाठी आकड्यातून एकही गुण कापायचा नाही, हा एकच नियम. तो पाळणे वाटले तितके सोपे गेले नाही. शिलाईचे भोक झीज की खूण? शेवटी भोक खूण धरले, आणि भोकापासून पुढे फाटत गेलेला कागद झीज.

संग्राहकाच्या आकड्यांशी माझे आकडे ताडून पाहिले. शिवलेले आणि शिक्क्यांचे अंक सोडले तर बहुतेक ठिकाणी अर्ध्या गुणाच्या आत जुळले. त्याची नजर पक्की होती. ११ अंकांची त्याने लावलेली किंमतही रास्त होती, आणि ते त्याला द्यावेत असेच मी वहिनींना सांगितले. त्यांनी दिले. घरखर्चाला ती रक्कम उपयोगी पडली. त्या अकरांपैकी चार अंक मराठी होते. ते आता कुठे पेटीत बंद होतील तर होवोत. देण्याआधी मी त्यांचे पान न् पान छायाचित्रांत उतरवून घेतले आहे.

उरलेल्या १३२ अंकांसाठी तीन ग्रंथालयांना पत्रे लिहिली. दोन ठिकाणी जागा नाही. तिसरीकडून उत्तर आले की ‘चांगल्या स्थितीतील’ अंक असल्यास विचार करू. मी त्यांना दोन्ही रकान्यांसह पूर्ण यादी पाठवली आहे. उत्तर अजून यायचे आहे. तोवर अंक ट्रंकेतून काढून कोरड्या कपाटात ठेवले आहेत, गठ्ठे न सोडता, मधे वेखंडाच्या पुड्या घालून. पाठवलेल्या यादीतली एक नोंद इथे देतो:

नग ७७. वेताळ, मराठी. गठ्ठा दुसरा, अंक पाचवा. आकडा १.५. पिना नाहीत, चार भोके, वरच्या भोकापासून दीड सेंटिमीटर फाटलेले. पाने सर्व आहेत, रंग तपकिरी, अजून ठिसूळ नाहीत. मुखपृष्ठावर व पान ९ वर दुकानाचा गोल शिक्का, ‘रोज १० पैसे’. पान १४ खळीने व वहीच्या रेघी कागदाने जोडलेले, त्या कागदावर सातच्या पाढ्याचा भाग. शेवटच्या पानावर पेन्सिलीने तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तीन नावे, तिसरे खोडलेले. शिलाईत गेलेली अक्षरे गठ्ठा न उसवता, आरसा धरून वाचता येतात.